१२७ चाकर, एक मालक

कचेरीत माणशी एक कॉम्प्युटर आला आणि मजल्यामागे एक प्रिंटर उरला, त्या दिवशी आपल्याकडे खरी लोकशाही अवतरली. सर्वांना समान हक्क, आणि साहेबांचं आधी.

हा प्रिंटर मिनिटाला ४० पानं काढतो, असं त्याच्या खोक्यावर छापलेलं असतं. काढतोही. फक्त तुम्हाला एका पानाचं पत्र सहीला न्यायचं असतं, नेमकं तेव्हाच अकाउंट्सच्या काकांनी ३०० पानांचं लेजर सोडलेलं असतं. पूर्ण वेगानं त्याला साडेसात मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला ट्रेमधला कागद संपतो. कागद संपल्याची सूचना येते काकांच्या स्क्रीनवर, आणि काका गेलेले असतात चहाला. म्हणजे प्रिंटरपाशी उभे तुम्ही, रांग काकांची आणि कागदाच्या रिमांचं कपाट स्टोअरवाल्यांच्या ताब्यात. हा तिढा सोडवणारी चिप अजून कुणी बनवलेली नाही.

खोक्यावरचा वेग हा एकट्या माणसाचा वेग असतो. दुसरा माणूस आला की त्याचे दोन भाग पडतात, असं शाळेतलं गणित सांगतं. कचेरीतलं गणित वेगळं. तिथे आधी वाद वजा होतो, मग उरलेल्याचे भाग पडतात. यंत्रवाल्यांनी पन्नास वर्षांत वेग हजारो पटींनी वाढवला. पाळी कुणाची, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे ठेवला. तो सोडवला, तर दुसरं यंत्र कोण विकत घेणार?

★

या तंट्याचं एक मूळ यूएसबीच्या त्या चपट्या भोकात आहे. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींत अजय भट्ट आघाडीवर होते. ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. गायकवाडांच्या बडोद्याशी नातं सांगायची संधी मराठी माणूस सोडत नाही, म्हणून ही नोंद.

तर या यूएसबीचा कायदा सरंजामी आहे. जोडणीत होस्ट म्हणजे मालक एकच. त्याच्या पदरी १२७ उपकरणं नांदू शकतात. पण एका उपकरणाला एकाच वेळी दोन होस्ट? नाव काढू नका. मालकानं १२७ चाकर ठेवावेत, चाकरानं दुसरं घर धरू नये. आमच्या सोसायटीतल्या कामवाल्या मावशी चार घरं धरतात आणि चारही घरी दांडी न मारता पोचतात. यूएसबीला ते तीस वर्षांत जमलेलं नाही.

शिवाय चाकरानं आपणहून तोंड उघडायचं नाही. मूळ यूएसबीत उपकरण गप्प बसतं आणि होस्टनं विचारलं तरच बोलतं. तुमचा साधा माऊस टेबलावर निवांत पडलेला असतो, तेव्हाही कॉम्प्युटर त्याला सेकंदाला १२५ वेळा विचारत असतो, “हललास का?” तोही न कंटाळता १२५ वेळा नाही म्हणतो. एवढी चौकशी आपल्या फाईलची कुणी केली असती, तर ती एव्हाना मंत्रालयाच्या सातव्या मजल्यावर जाऊन परत आली असती.

आणि ते १२७ म्हणजेही कागदावरचे. यूएसबी २ चा एक पोर्ट घेऊन त्यावर हबची उतरंड रचलीत, तरी सगळ्यांना मिळून सेकंदाला ४८० मेगाबिट. वाटा माणशी किती, ते करून बघा. चार तोंडांचा हब घेतला की आपला वेग चौपट झाला, असं ज्यांना वाटतं, ते मागच्या एकुलत्या एका वायरीकडे बघत नाहीत.

★

मालक एकच, हा कायदा मोडता येत नाही म्हटल्यावर बाजारानं पळवाट काढली. टेबलावर एक डबी, डबीवर एक बटण. तिचं नाव यूएसबी स्विच. बटण दाबलं की कीबोर्ड, माऊस, स्कॅनर हा कॉम्प्युटर सोडून त्या कॉम्प्युटरला लागतात. स्क्रीनही सोबत फिरवायची असेल, तर डबी मोठी होते, तिला केव्हीएम म्हणतात आणि किमतीला एक शून्य वाढतं. करोनाच्या काळात ज्यांच्या घरात एक मॉनिटर आणि दोन लॅपटॉप होते, त्यांना हे माहात्म्य सांगायला नको.

मात्र याला वाटून घेणं म्हणायचं, तर संगीतखुर्चीलाही सहभोजन म्हणावं लागेल. बटण दाबल्यावर आत काय होतं ते बघा. उपकरणाला पहिल्या कॉम्प्युटरवरून तडकाफडकी काढून टाकतात आणि दुसऱ्यावर नव्यानं भरती करतात. भरतीच्या वेळी ते सगळी कागदपत्रं पुन्हा दाखवतं: बनवणारी कंपनी कोणती, प्रवर्ग कोणता, वीज किती खाणार, वेग काय. पडताळणी झाली की मगच रुजू. तुम्ही दिवसात दहा वेळा बटण दाबलंत, तर हा सोहळा दहा वेळा होतो.

कीबोर्डाचं त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते डिस्कचं. समजा, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत दोन एडिटर, दोन कॉम्प्युटर, मध्ये डबी, आणि डबीला एकच वेगवान एसएसडी. एकाची कॉपी चाललेली आहे. स्क्रीनवरची हिरवी पट्टी शंभर टक्क्यांना पोचते. पण पट्टी भरली म्हणजे सगळं डिस्कवर उतरलं, असं नसतं. कॉम्प्युटर बराच मजकूर आपल्या मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीनं खाली लिहितो. ‘सेफली रिमूव्ह’ नावाची जी सूचना आपण इमानेइतबारे दुर्लक्षित करतो, ती यासाठी असते. तेवढ्यात पलीकडचा बटण दाबतो.

“बटण कुणी दाबलं रे?”

“मी. माझा माऊस चालत नव्हता.”

सप्तपदीची चार पावलं डिस्कवर, तीन हवेत. आता नवरीच्या वडिलांना फोन कुणी करायचा, यावर स्टुडिओत नव्यानं पाळ्या लागतात.

★

मग एखादा हुशार विचारतो, डिस्क दोन्ही कॉम्प्युटरना एकदमच जोडली तर? मोठ्या सर्व्हरांच्या दुनियेत हे करता येतं. फायबर चॅनेलसारखी जोडणी असेल, तर एका डिस्कवर अनेक यंत्रं टेकू शकतात. पण टेकता येणं वेगळं आणि नांदता येणं वेगळं.

साधी फाईल सिस्टीम असेल, तर प्रत्येक कॉम्प्युटरची समजूत असते की ही डिस्क माझ्या एकट्याची. कुठली जागा मोकळी, कुठली भरलेली, याचा नकाशा तो आपल्या मेमरीत ठेवतो. पहिल्यानं एका मोकळ्या जागी लिहिलं. दुसऱ्याच्या नकाशात ती जागा अजून मोकळीच. त्यानंही तिथेच लिहिलं. कुणी चुकलं नाही, कुणाला त्रुटीचा संदेश आला नाही, दोघांचे हिशेब चोख, आणि डिस्कची माती.

यावर उतारा म्हणून जीएफएस२ आणि ओसीएफएस२ यांसारख्या खास फाईल सिस्टीम झाल्या. त्यांत लिहिण्यापूर्वी कुलूप मागावं लागतं. ज्याच्याकडे कुलूप, त्याची लेखणी. बाकीच्यांनी थांबायचं आणि आपले जुने नकाशे फेकून नवे वाचायचे. थांबण्यात वेळ जातो. म्हणजे डिस्क कितीही पळो, शेवटी सगळे कुलूपवाल्याच्या तोंडाकडे बघत बसतात. १९८० च्या दशकात नॉव्हेल कंपनीनं त्याहून सोपी वाट धरली होती. डिस्क कुणालाच द्यायची नाही; ती एका सर्व्हरच्या ताब्यात ठेवायची आणि मागेल त्याला फाईल द्यायची. आज घरोघरी जो नॅसचा डबा दिसतो, त्याचा धंदा हाच.

★

हे भांडण आजचं नाही. उलट, या भांडणानंच अर्धं आधुनिक जग घडवलं आहे.

कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्सची पार्क नावाची प्रयोगशाळा होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर बनवला. सेकंदाला एक पान, हा त्या काळातला अचाट वेग. त्याच इमारतीत संशोधकांसाठी माणशी एक, असे ऑल्टो कॉम्प्युटर तयार होत होते. कॉम्प्युटर अनेक, असला प्रिंटर एक. आपल्याकडे असतं तर खरेदी समिती नेमली असती. तिथे रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीनं सगळे कॉम्प्युटर आणि तो प्रिंटर एकाच वायरीवर आणायचं काम हाती घेतलं. त्यातून इथरनेट जन्मलं. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. २०२२ चं ट्युरिंग पारितोषिक मेटकाफ यांना मिळालं ते त्याबद्दल.

त्या इथरनेटचा नियम असा: बोलण्याआधी ऐका. वायरीवर कुणी बोलत असेल तर थांबा. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प बसा, आपापल्या मनानं कमीजास्त वेळ थांबा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. निर्जीव यंत्रांना हे १९७३ मध्ये शिकवता आलं. रात्री नऊच्या मराठी चर्चांना शिकवायला अजून कुणी धजावलेलं नाही.

दुसरी गोष्ट एमआयटीची. १९८० च्या सुमारास तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचा लेझर प्रिंटर मिळाला. सगळे मिळून वापरायचे. कागद अडकायचा, आणि वेगळ्या मजल्यावर बसलेल्याला ते कळायचं नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय केली होती: कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप. ज्याला घाई, तो उठून जाईल. नव्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोडच कंपनीनं दिला नव्हता. स्टॉलमन यांनी तो कार्नेगी मेलनच्या एका संशोधकाकडे मागितला. त्यानं सांगितलं, मी न देण्याचं वचन दिलंय. तो राग मनात राहिला आणि २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ एका प्रिंटरच्या रांगेतून उठली. आमच्या मजल्यावरच्या रांगेतून आजवर उठलाय तो फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्यावरही सकाळी फुलंच येतात.

१९८५ चा ॲपलचा लेझररायटर आणखी मजेशीर. किंमत ६,९९५ डॉलर. एका कॉम्प्युटरसाठी हे परवडणारं नव्हतंच, म्हणून ॲपलटॉकच्या वायरीवर अनेक मॅक जोडून तो वाटून वापरायचा, हीच विक्रीची भूमिका. त्याच्या पोटातला प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा आणि त्याला हुकूम सोडणाऱ्या मॅकचा ८ चा. चाकर साहेबापेक्षा हुशार निघाला की काय होतं, ते आपण कचेरीत रोज बघतो. तिथे मात्र त्यातून डीटीपीचा धंदा उभा राहिला.

तो धंदा आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली पोचला. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एकेका खोलीत तीन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर नांदत असे. मध्ये पत्र्याची पेटी, तिच्यावर फिरवायचा खटका: अ, ब, क. आपली पाळी आली की खटका आपल्याकडे. त्यात मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचा डोंगल एकच. तो नसेल तर ‘श्री’ लिहिणंही बंद. हा डोंगल प्रिंटरच्या पोर्टात बसे आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीला लागे. म्हणजे शेजारच्या कॉम्प्युटरवर मराठी न्यायची, तर आधी केबलीचे दोन स्क्रू सोडवा, केबल उपसा, मग डोंगलचे दोन स्क्रू नखानं फिरवा, डोंगल हातात घेऊन टेबलाखालून पलीकडे निघा, आणि तिकडे हेच उलट्या क्रमानं. दिवाळी अंकांच्या हंगामात ऑपरेटरच्या अंगठ्याच्या नखावरून दुकानाची उलाढाल कळायची.

★

खटक्याची जागा पुढे सॉफ्टवेअरनं घेतली. कुणाचं पान आधी, कुणाचं नंतर, हे ठरवणाऱ्या या कारकुनाचं नाव स्पूलर. कामं घ्यायची, रांगेत लावायची, एकेक करून प्रिंटरला द्यायची. किती निरुपद्रवी नोकरी! पण विंडोजमध्ये या कारकुनाला थेट यंत्रणेचे सर्वोच्च अधिकार दिलेले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट नावाच्या घातक सॉफ्टवेअरनं पसरण्यासाठी ज्या फटी वापरल्या, त्यांत एक स्पूलरची होती. २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची दुसरी फट निघाली आणि जगभरच्या कचेऱ्यांनी घाईघाईनं स्पूलरच बंद करून ठेवले. रांग लावायला बसवलेल्या माणसाच्या कमरेला सगळ्या किल्ल्या अडकवू नयेत, हे जगाला दोनदा कळलं. आपल्या सोसायटीच्या चिटणीसांना भेटलेल्या माणसाला ते आधीच ठाऊक होतं.

★

आता वेगाच्या जाहिरातींकडे वळू. २००८ मध्ये यूएसबी ३.० आली, वेग सेकंदाला ५ गिगाबिट. पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्याच वेगाला ३.१ जेन १ म्हणू लागले. त्यापुढे तोच वेग ३.२ जेन १ झाला. वेग तसूभर हलला नाही, पाटी दोनदा बदलली. सरकारी योजनांचा अनुभव असलेल्या वाचकाला आणखी समजावून सांगायला नको.

पुढे सगळ्यांना एकच टाइप-सी भोक मिळालं. भोक एकच, पण आतून जाणारा वेग ४८० मेगाबिटही असू शकतो आणि ८० गिगाबिटही. वायर बाहेरून सारखीच दिसते. फोनच्या खोक्यात येणारी चार्जिंगची वायर बहुधा ४८० वालीच असते. तीच ड्रॉवरमधून काढून हजारोंच्या एसएसडीला लावायची, आणि मग “डिस्क स्लो आहे” म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालायची, हा आता राष्ट्रीय छंद झालाय.

तरीही सगळे नियम पाळून, योग्य वायर घेऊन, सेकंदाला १,००० मेगाबाइटची एसएसडी आणली असं समजू. १०० गिगाबाइटचं लग्न शंभर सेकंदांत उतरतं. आता ती ‘सगळ्यांना मिळावी’ म्हणून गिगाबिट नेटवर्कवर ठेवा. त्या वायरीतून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास येतं, म्हणजे तेच लग्न पंधरा मिनिटांचं. जुन्या यूएसबी २ ला लावा, पाऊण तासाच्या पुढे. वायफायवर ठेवलंत, तर शेजारच्या फ्लॅटमधल्या आयपीएलच्या सामन्यावर अवलंबून.

म्हणून अनुभवी एडिटर काय करतो? डिस्क नीट बंद करतो, उपटतो आणि चार पावलं चालत पलीकडच्या टेबलावर नेऊन देतो. याला मागासलेपण म्हणू नका. कृष्णविवराचं जे पहिलं चित्र १० एप्रिल २०१९ ला जगानं पाहिलं, त्यासाठी २०१७ मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी गोळा केलेला डेटा इतका अवाढव्य होता, की तो इंटरनेटनं पाठवणं शक्यच नव्हतं. हार्ड डिस्का खोक्यांत भरून विमानानं अमेरिकेत एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉनला नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्का तर तिथला हिवाळा सरून विमानं सुरू होईपर्यंत महिनोन्‌महिने अडकून पडल्या. तिथल्या शास्त्रज्ञांनी वाट पाहिली. आपल्याला वायफायचं चक्र दहा सेकंद फिरलेलं खपत नाही.

★

आता सल्ला. सदरात सल्ला दिला नाही, तर संपादक जागा कापतात.

प्रिंटर घ्याल तो स्वतःचा नेटवर्क पोर्ट असलेला घ्या. कुणा एकाच्या कॉम्प्युटरला यूएसबीनं लावून ‘शेअर’ केलात, तर तो माणूस रजेवर गेला की सगळा मजला रजेवर. डबीवरच्या बटणावर कीबोर्ड, माऊस, स्क्रीन खुशाल फिरवा. डिस्क फिरवू नका. डिस्क वाटायची तर नॅसमध्ये टाका आणि कॉम्प्युटरना फाईली मागू द्या. नेटवर्क गिगाबिटचं असेल, तर त्यामागे सगळ्यात महागडी एसएसडी लावून स्वतःची समजूत घालू नका. तेवढे पैसे आधी नेटवर्कवर घाला. आणि एकाच डिस्कवर दोघांना खरोखर एकाच वेळी पूर्ण वेगानं काम करायचं असेल, तर दोन डिस्का घ्या. भांडण होणार नाही.

राहता राहिला मजल्यावरचा तो प्रिंटर. त्याच्या जागी मिनिटाला ६० पानांचा आणायचा प्रस्ताव आता पुढे सरकला असेल. आणा, हरकत नाही. फक्त खरेदीच्या अर्जात वेग, रंग, वॉरंटी यांच्या खाली एक रकाना वाढवून घ्या: ‘कागद कोण भरणार आणि पाळी कोण लावणार?’ त्या रकान्यात कुणा एकाचं नाव आलं, तर ४० पानांचा जुना प्रिंटरही पुरेल. आणि तिथे ‘सर्व कर्मचारी’ असं लिहिलेलं असेल, तर ६० पानांचा घ्या नाहीतर ६०० पानांचा. अकाउंट्सचे काका तोवर ३,००० पानांचं लेजर तयार ठेवतील.